माळाच्या भाकिताची कुळकथा

वेळापूरहून पिलीवच्या वाटेला लागलं की थोड्याच वेळात ऊस मागे पडतो. नीरा उजव्या कालव्याचं पाणी जिथे पोचत नाही, तिथे माळशिरस तालुक्याचं जुनं रूप शिल्लक आहे. मुरमाड उतार, मधूनच एखादा हिवर, एखादी बोर आणि पाऊस बरा झाला असेल तर गुडघाभर गवत. या माळाकडे बघून पिढ्यान् पिढ्या एकच प्रश्न विचारला गेला आहे: पुढच्या साली इथे काय उगवलेलं असेल? ज्याचं पोट मेंढरांवर चालतं त्याच्यासाठी तो रोजचा प्रश्न आहे. एखाद्या जागेवरचा वनस्पतींचा आणि प्राण्यांचा मेळा काळाबरोबर कसा बदलेल, हे आधी सांगणं ही आज विद्यापीठांतली गणिती विद्या झाली आहे. तिचं एक मूळ मात्र आपल्या दख्खनच्या माळात आहे, आणि ते आपल्याला फारसं ठाऊक नाही.

भाकीत सांगण्याची हौस या मुलखाला जुनीच. सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेत संक्रांतीच्या सुमारास वासराची भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, गूळ, पानसुपारी ठेवतात. ते कशाला तोंड लावतं, बुजतं की शांत राहतं, यावरून सालाचं पाऊसपाणी आणि भाव सांगतात. धनगरांच्या बिरोबाच्या यात्रांत होईक सांगितली जाते. या गोष्टी श्रद्धेच्या आहेत आणि त्यांचं स्थान तिथेच आहे. पण देवळाच्या आवाराबाहेर त्याच धनगराकडे आणखी एक भाकीत असतं. त्यासाठी तो देवाला कौल लावत नाही, पायाखालचं गवत बघतो.

दसरा-दिवाळीनंतर वाडा हलवायचा, वाटेतल्या शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, आणि पावसाला परत यायचं. या चक्रात कोणत्या माळावर किती दिवस निघतील, हा अंदाज चुकला तर कोकरं जगत नाहीत. म्हणून मेंढपाळाची नजर गवताच्या उंचीवर थांबत नाही, गवताच्या जातीवर जाते. शेडा आणि मारवेल दिसली की माळ धड आहे. ही बहुवर्षायू गवतं. बुडखा जमिनीत टिकतो आणि दर पावसाला त्यातून नवे फुटवे येतात. जनावरं ती आवडीने खातात, आणि नेमका तोच त्यांचा घात. बी पडायच्या आत दरसाल चरून काढली की बुडखा खंगतो, आणि दोन बुडख्यांमधल्या उघड्या जमिनीत कुसळी शिरते.

कुसळी हातात घेऊन बघण्यासारखी आहे. पावसाळ्याच्या शेवटाला तिच्या कणसातली काळपट कुसळं एकमेकांत गुंततात आणि त्यांचा पिळलेला झुबका तयार होतो. त्यातलं एक कुसळ सोडवून तळहातावर ठेवावं आणि त्यावर पाण्याचा थेंब टाकावा. पीळ उलगडू लागतो आणि कुसळ हळूहळू फिरतं. वाळलं की पुन्हा पीळ भरतो. दंव आणि ऊन यांच्या रोजच्या येरझारीत हे फिरणं चालू राहतं, आणि टोकाशी असलेलं अणकुचीदार बी जमिनीत स्वतःला रुतवून घेतं. वणवा आला तरी आत गेलेलं बी वाचतं. जमिनीऐवजी मेंढराची लोकर सापडली तर ते तिथेही तसंच फिरत फिरत कातडीपर्यंत जातं. कोवळी असताना कुसळी जनावरं खातात; कुसळं धरली की तिच्याकडे बघत नाहीत. म्हणून चराई जितकी जास्त, तितका शेडा मागे आणि कुसळी पुढे. त्याही पलीकडे माळ खाल्ला गेला, तर कुसळीही विरळ होते आणि तीन कुसळांचं ते बारीक, एकाच पावसापुरतं गवत उरतं, ज्यावर मेंढराचंही पोट भरत नाही. कोणतं गवत दिसतं यावरून माळ शिडीच्या कितव्या पायरीवर आहे आणि पुढच्या साली वर चढेल की खाली उतरेल, हे सांगता येतं. भाकिताचं सगळं यंत्र इतकंच आहे, आणि ते कुणी शोधून काढलं याची नोंद कुठे नाही.

या ज्ञानाला कागद मिळाला तो विसाव्या शतकात. तिकडे अमेरिकेत हेन्री कौल्स यांनी १८९९ मध्ये मिशिगन सरोवराकाठच्या वाळूच्या टेकड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पाण्यापासून जितकं आत जावं तितकी टेकडी जुनी. म्हणून काठावरून आत चालत जाणं म्हणजे काळात पुढे जाणं. आधी वाळूवरचं गवत, मग झुडपं, मग झाडं. फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ मध्ये यावर मोठा ग्रंथ रचला. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक हवामानात वनस्पतींचा क्रम एका ठरलेल्या अंतिम अवस्थेकडे जातो. वाटेत अडथळा आला तर मागे येतो, अडथळा निघाला की पुन्हा त्याच दिशेने चालू लागतो. लगेच १९१९ मध्ये आर्थर सॅम्पसन यांनी हाच विचार कुरणांना लावला: चराई हा अडथळा, आणि अंतिम गवत हे ध्येय.

हा विचार पुण्यात पोचायला वेळ लागला नाही. मुंबई सरकारचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बर्न्स आणि त्यांचे सहकारी एल. बी. कुलकर्णी व एस. आर. गोडबोले यांनी पश्चिम भारतातल्या गवतांवर आणि कुरणांवर १९२५ मध्ये विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. पुढे १९३१ मध्ये या तिघांचा कोरड्या मुलखातल्या गवतांच्या क्रमाविषयीचा लेख इंग्लंडच्या परिसरशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकात आला. कोणत्या गवताच्या मागून कोणतं गवत येतं आणि जमीन मोकळी सोडली तर क्रम कुठवर चढतो, हे त्यांनी आपल्या माळांवर तपासलं. कुलकर्णी आणि गोडबोले ही नावं मराठी वाचकाला अपरिचित असावीत याचं मला वाईट वाटतं. गवताच्या एका बुडख्याचं पुढे काय होतं हे साल-दरसाल त्याच जागी जाऊन बघणं हे चिकाटीचं काम आहे, आणि भारतात ते करणाऱ्या पहिल्या माणसांत ही दोन मराठी माणसं होती.

स्वातंत्र्यानंतर हेच काम देशभर झालं. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ ते १९६२ या काळात गवतांची पाहणी करवली, आणि तिच्या आधारे पी. एम. दाबडघाव आणि के. ए. शंकरनारायण यांचा भारताच्या तृणाच्छादनावरचा ग्रंथ १९७३ मध्ये निघाला. त्यांनी देशाची गवतं पाच मोठ्या गटांत बसवली. त्यांतला सर्वांत विस्तीर्ण गट आपला, दख्खनचा, आणि त्याला नाव मिळालं ते शेडा आणि मारवेल यांच्याच शास्त्रीय नावांवरून. चराई वाढत गेली की गट पायरी-पायरीने कसा उतरतो, याचे क्रम त्यांनी दिले. मेंढपाळाच्या नजरेतली शिडी आता नकाशावर आली.

गणित याच सुमारास शिरलं. रशियन गणिती आंद्रे मार्कोव्ह यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी एक साखळी मांडली होती: पुढची अवस्था फक्त आत्ताच्या अवस्थेवर अवलंबून, आणि एका अवस्थेतून दुसरीत जाण्याची शक्यता ठरलेली. १९१३ मध्ये त्यांनी पुश्किनच्या काव्यकादंबरीतली वीस हजार अक्षरं मोजून स्वरानंतर व्यंजन येण्याची शक्यता काढली होती. हेन्री हॉर्न या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७५ मध्ये हीच साखळी प्रिन्स्टनजवळच्या एका जंगलाला लावली. प्रत्येक मोठ्या झाडाखाली कोणत्या जातींची रोपं किती आहेत ते त्याने मोजलं. आजच्या झाडाखालचं रोप म्हणजे उद्याचं झाड. त्या आकड्यांवरून काही पिढ्यांनंतर जंगल कसं असेल हे त्याने सांगितलं.

आपल्या माळावर हा हिशोब असा होईल. समजा, एका माळावर खुणेच्या शंभर जागा आखल्या. यंदा पन्नास जागी शेडा, तीस जागी कुसळी, वीस जागी उघडी जमीन. पुढच्या पावसाळ्यात त्याच जागा बघायच्या. शेड्याच्या पन्नासपैकी चाळीस जागी शेडाच आहे, दहा जागी कुसळी आली; कुसळीच्या तीसपैकी तीन जागी शेडा परतला; उघड्या वीसपैकी आठ जागी कुसळी उगवली. असा तक्ता तयार झाला की तोच पुन्हा पुन्हा लावत जायचा, आणि दहा सालांनंतरचं चित्र कागदावर येतं. मोकळ्या माळावर एक तक्ता, कुंपण घातलेल्या माळावर दुसरा. दोन्ही शेजारी ठेवले की चराई थांबवण्याने काय साधेल हे बोलायच्या आत दिसतं. पद्धत सोपी आहे. शाळेतल्या मुलांकडूनही करवून घेता येईल.

पण सोलापूर जिल्ह्यात हा तक्ता टिकत नाही, आणि त्याची कारणं महत्त्वाची आहेत.

पहिलं कारण पाऊस. इथलं सरासरी पर्जन्यमान साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास धरतात, पण सरासरीचं साल क्वचितच येतं. १९७२ सारख्या दुष्काळात शेड्याचे बुडखेही वाळतात, मग चराई असो वा नसो. भर पावसाच्या सालात खाल्लेला माळही उभा राहतो. तक्ता दरसाल बदलतो. ऑस्ट्रेलियाचे मार्क वेस्टोबी, ब्रायन वॉकर आणि इस्रायलचे इमॅन्युएल नॉय-मेर यांनी १९८९ मध्ये नेमकं हेच सांगितलं, की कोरड्या कुरणांना एक शिडी आणि एक शेवट नसतो. अनेक अवस्था असतात, त्यांतल्या काहींमधून परत येता येतं, काहींमधून येत नाही. आणि कुरण राखणाऱ्याचं कौशल्य योग्य साली योग्य वेळी हात घालण्यात आहे. पाऊस बघून वाडा हलवणाऱ्या धनगराला हे नवं वाटलं नसतं.

दुसरं कारण माणूस. भाटघरचं लॉइड धरण १९२८ मध्ये पुरं झालं, नीरेच्या उजव्या कालव्याने माळशिरसच्या रानात पाणी आलं, सासवडच्या माळी बागायतदारांनी इथे येऊन ऊस लावला आणि माळीनगरचा कारखाना उभा केला. ज्या जमिनीवर गवताच्या पायऱ्या मोजायच्या ती जमीनच राहिली नाही. कालव्याचे दुष्परिणामही आधी कळू शकत होते. डाव्या कालव्याखाली बारामतीकडे जमिनी खारवत चालल्या होत्या, आणि पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हॅरल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१० मध्येच नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहिली होती. पुढचं आधी सांगितलं गेलं होतं. ऐकलं गेलं नाही एवढंच. वेडी बाभूळ ही अशीच परत न येऊ देणारी अवस्था. ती एकदा माळावर दाट झाली की खालचं गवत जातं, आणि चराई बंद केल्याने ते परत येत नाही.

तिसरं कारण सर्वांत खोल आहे, आणि हा लेख त्याच्यासाठी लिहिला. शिडीची सर्वांत वरची पायरीच चुकीच्या जागी बसवली होती. क्लेमेंट्स यांच्या विचारात अंतिम अवस्था हवामान ठरवतं, आणि वनखात्याच्या वर्गीकरणांनी आपल्या हवामानाची अंतिम अवस्था जंगल धरली. हॅरी चॅम्पियन यांचं १९३६ चं वनप्रकारांचं वर्गीकरण आणि १९६८ ची त्याची सेठ यांच्यासह केलेली आवृत्ती आजही वापरात आहे. तीत असले कोरडे गवताळ प्रदेश मुख्यतः बिघडलेल्या जंगलाचे टप्पे म्हणून येतात. माणसाने तोडलं, जाळलं, चारलं म्हणून इथे गवत आहे. सोडून दिलं तर जंगल होईल, असं ते भाकीत. सरकारी दप्तरात माळ 'पडीक' झाला. पडीक म्हटलं की काहीतरी लावायचं ठरतं. मग गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरीच्या रांगा आल्या, गायरानांवर वनीकरणाचे फलक आले. सोलापूरच्या नान्नजचा माळ माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाला. तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर जाहीर झालेलं ते क्षेत्र पुढे बाराशेच्या आसपास आणलं गेलं. माळढोकाला उघडं गवत लागतं, जिथून लांबवर दिसतं आणि धावून उडता येतं. झाडांच्या रांगांत तो राहत नाही. आज नान्नजला माळढोक दिसला तर बातमी होते.

माळ खरंच बिघडलेलं जंगल आहे का, हा प्रश्न भविष्याचा वाटतो, पण त्याचं उत्तर भूतकाळात आहे. पाच-सातशे वर्षांपूर्वी इथे काय होतं? बर्न्स यांच्या नोंदी शंभर वर्षांपलीकडे जात नाहीत. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन अभ्यासकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात जे केलं ते मला या सगळ्या कुळकथेतलं सर्वांत आनंदाचं पान वाटतं. त्यांनी जुनं मराठी वाङ्मय उघडलं: संतचरित्रं, कथाकाव्यं, ओव्या, लोककथा. साडेसातशे वर्षांतल्या या मजकुरात पश्चिम महाराष्ट्रातली कोणती झाडं-गवतं येतात ते त्यांनी नोंदलं. ४४ रानटी वनस्पती सापडल्या, आणि त्यांतल्या २७ माळरानाच्या खुणेच्या निघाल्या. खास जंगलाच्या म्हणाव्यात अशा मोजक्याच. सोळाव्या शतकातल्या 'आदिपर्व' या काव्यात गुराखी नीरेच्या खोऱ्याकडे ओढले गेले ते तिथल्या मुबलक गवतासाठी, असा उल्लेख आहे. म्हणजे आपल्याच नीरेचं खोरं, कालव्याच्या तीन-चारशे वर्षं आधी, गवतासाठी प्रसिद्ध होतं.

हे वाचल्यावर जवळच्या गोष्टी वेगळ्या दिसू लागतात. पंढरपूरच्या देवळात कान्होपात्रेच्या समाधीशी जोडलेलं झाड तरटीचं आहे, आणि तरटी ही कोरड्या, काटेरी माळाची वनस्पती. रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाचं मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधलं. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने उभी हयात धनगरांच्या ओव्या गोळा करण्यात घालवली. गुरं राखणारा देव आणि मेंढरं राखणाऱ्यांच्या ओव्या दाट जंगलातून येत नाहीत. वेळापूरचाच दाखला घ्या. ज्ञानेश्वर माउलींची पालखी वेळापूरला येते तेव्हा धावा होतो. तुकोबांना इथल्या चढावरून पंढरीच्या देवळाचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी आख्यायिका. वेळापूर ते पंढरपूर तीस-पस्तीस किलोमीटर आहे. कळस खरोखर दिसतो की नाही हा भक्तीचा प्रश्न; पण ज्या मुलखात नजर इतकी लांब जाते असं लोकांना वाटतं, तो मुलूख उघडाच असला पाहिजे. माझं हे अनुमान पुरावा म्हणून नाही, पण धावा बघणाऱ्याने एकदा त्या नजरेने क्षितिज बघावं. वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वराच्या देवळापाशी यादव राजा रामचंद्रदेवाच्या काळातले मराठी शिलालेख आहेत. इथे मराठी लिहिली जाऊ लागली तेव्हाही भोवती बहुधा गवतच डोलत असणार.

मग भाकीत बदलतं. माळ हीच इथली जुनी, स्वतःची अवस्था असेल, तर शिडीच्या वरच्या पायरीवर शेडा आणि मारवेल बसतात, झाडांची रांग नाही. माळ सुधारणं म्हणजे कुसळीकडून शेड्याकडे जाणं. त्यासाठी चराईची पाळी लावावी लागते, वेडी बाभूळ उपटावी लागते, आणि खड्डे खणून रोपं लावणं टाळावं लागतं. हेक्टरी किती रोपं लावली यावर यश मोजणारी योजना अशा माळावर नुकसानच करते, मग हेतू कितीही चांगला असो. हे मी ठामपणे म्हणतो.

उरतो तो तक्ता, आणि तक्त्याला लागतात नोंदी. जैवविविधता कायदा २००२ चा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असावी लागते. या नोंदवहीची कल्पना ज्यांनी देशभर रुजवली ते माधव गाडगीळ हार्वर्डमध्ये परिसरशास्त्राचं गणित शिकून आलेले पुणेकर होते, आणि गणिताच्या आधी गावातल्या माणसाला विचारा, हे त्यांनीच आग्रहाने सांगितलं. बहुतेक नोंदवह्यांत झाडं असतात, पक्षी असतात, औषधी वनस्पती असतात. गवतं एका ओळीत आटोपतात.

आपल्या गावची नोंदवही एकदा मागून बघा. गवतांचं पान कोरं असेल तर यंदा दसऱ्याच्या आधी, गवत फुलोऱ्यावर असताना, वाडा हलायच्या आत, गावातल्या एखाद्या जुन्या मेंढपाळाला सोबत घेऊन माळावर जा. तो सांगेल ती नावं त्याच्याच शब्दांत लिहा, जागा लिहा, साल लिहा, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा जा.